तोच सा, पण कितव्या मजल्यावरचा?

गणपतीच्या आरतीला सगळे घर एकत्र उभे राहते. आजोबांचा आवाज खर्जातला, आईचा चढा, नातीचा कोवळा. तरीही सगळे एकच चाल म्हणत आहेत, एकाच सुरात म्हणत आहेत, असेच प्रत्येकाला वाटते. आता मोजून पाहू. आजोबांच्या घशातील स्वररज्जू एखाद्या ओळीवर सेकंदाला १४० वेळा कंप पावत असतील, तर त्याच ओळीवर आईच्या आणि नातीच्या स्वररज्जू २८० वेळा कंप पावतात. आकड्यात दुपटीचा फरक आहे. पण कानाला तो फरक ‘वेगळा स्वर’ म्हणून जाणवत नाही, ‘तोच स्वर, वरच्या मजल्यावरचा’ असा जाणवतो.

हे कसे घडते, हा प्रश्न गाणाऱ्यांपुरता नाही. त्याचे उत्तर कानाच्या रचनेत आणि मेंदूच्या कामात दडलेले आहे. साठी ओलांडलेली माणसे बाह्यरुग्ण विभागात येऊन ‘आवाज येतो हो, पण शब्दच कळत नाहीत’ असे सांगतात. त्या तक्रारीचा उलगडाही या मजल्यांच्या हिशेबातूनच होतो.

दुप्पट म्हणजे पुन्हा तोच

ताणलेली तार छेडली की तिच्या कंपनांची संख्या लांबीवर ठरते. तार बरोबर मध्यावर दाबली तर कंपने दुप्पट होतात आणि तोच स्वर वरच्या सप्तकात ऐकू येतो. वीणेच्या तारेच्या लांबीवरून स्वरांच्या जागा सांगण्याचे काम सतराव्या शतकात अहोबलाने ‘संगीत पारिजात’ या ग्रंथात केले आहे. त्यातही तार षड्जाची जागा तारेच्या मध्यावर आहे.

आपण या अंतराला सप्तक म्हणतो, युरोपीय लोक ऑक्टेव्ह म्हणतात, म्हणजे आठवा. एकाच गोष्टीला सात आणि आठ असे दोन आकडे का, असा गोंधळ नवशिक्यांचा होतो. फरक मोजण्याचा आहे. सा ते नी सात स्वर झाले की आपण थांबतो. ते वरचा सा धरून आठ मोजतात. अंतर दोन्हीकडे तेच, दुपटीचे.

दुपटीलाच हा मान का? कारण कोणताही गाता आवाज एकटा येत नाही. १४० कंपनांच्या स्वराबरोबर २८०, ४२०, ५६०, ७००, ८४० अशा पटीतील उपस्वरांची रांग असते. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा ‘स्वयंभू गंधार’ हा याच रांगेतील पाचवा. आता वरच्या सप्तकातला स्वर घ्या. त्याची रांग २८०, ५६०, ८४० अशी. म्हणजे वरच्या स्वरात जे जे आहे, ते सगळे खालच्या स्वरात आधीपासून होतेच. दुसरा कोणताही स्वर इतका पूर्णपणे सामावत नाही. पंचमाची रांग २१०, ४२०, ६३०, ८४० अशी आहे. त्यातील एक सोडून एक जुळतो, म्हणून पंचम गोड लागतो. पण तो ‘तोच’ वाटत नाही.

ही झाली भौतिकशास्त्राची बाजू. मेंदूची सवयही त्यात भर घालते. बोलिव्हियातील ॲमेझॉनच्या जंगलात राहणाऱ्या चिमाने लोकांचा एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या गळ्याच्या टप्प्याबाहेरचे, फार उंच किंवा फार खालचे स्वर ऐकवून ते म्हणून दाखवायला सांगितले गेले. अमेरिकेतील लोक असा स्वर आपल्या गळ्याच्या सप्तकात आणून म्हणत आणि तो बहुधा नेमका तोच स्वर असे. चिमाने लोकांनी चालीचा चढ-उतार जपला, पण ‘तोच सा’ पकडण्याची ओढ त्यांच्यात दिसली नाही. म्हणजे सप्तकाची जाणीव निसर्गात रुजलेली असली तरी ती संगीताच्या संस्कारातून पक्की होते. दोन्ही गटांत एक गोष्ट मात्र सारखी निघाली. सुमारे ४,००० कंपनांच्या पुढचे स्वर कोणालाच नीट पकडता येईनात. या ४,००० च्या आकड्याकडे पुढे पुन्हा यायचे आहे.

कागदावरचा सा

ऐकलेला स्वर कागदावर उतरवताना दोन प्रश्न येतात: स्वर कोणता आणि तो कोणत्या सप्तकातला. हिंदुस्थानी संगीतात याची दोन उत्तरे रूढ झाली आणि दोन्ही मराठी माणसांनी दिली. पं. विष्णू नारायण भातखंडे (१८६०–१९३६) हे मुंबईचे वकील. त्यांच्या पद्धतीत मध्य सप्तकाचा स्वर नुसता लिहितात. मंद्र सप्तकासाठी अक्षराखाली बिंदू आणि तार सप्तकासाठी अक्षरावर बिंदू देतात. खाली म्हणजे खाली आणि वर म्हणजे वर, त्यामुळे डोळ्याला ते लगेच पटते. कोमल स्वराखाली आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावर उभी रेघ.

पं. विष्णू दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) हे कुरुंदवाडचे. बालपणी फटाक्याच्या स्फोटात त्यांची दृष्टी अधू झाली, उपचारासाठी मिरजेला आले आणि तिथे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकले. १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले. त्यांच्या स्वरलिपीत अक्षरावरचा बिंदू मंद्र सप्तक दाखवतो आणि तार सप्तकासाठी अक्षरावर उभी रेघ येते. म्हणजे ‘सा’वर बिंदू दिसला तर एका पुस्तकात तो वरच्या मजल्यावरचा आणि दुसऱ्या पुस्तकात तळमजल्यावरचा! जुनी पुस्तके हाताळताना पहिल्या पानावरची चिन्हांची ओळख का वाचावी, याचे याहून चांगले उदाहरण नाही.

पण या दोन्ही लिपींत एक गोष्ट लिहिलेली नसते, ती म्हणजे सा नेमका किती उंच. आपला सा गायकाबरोबर हलतो. पेटीवर एखादा गायक काळी एक घेईल. त्याचा मध्य सा सुमारे १३९ कंपनांचा, मंद्र सा ६९ चा आणि तार सा २७७ चा. एखादी गायिका काळी पाच घेईल, तर तिचा मध्य सा सुमारे २३३ चा. कागदावर दोघांचा सा सारखाच. आपली लिपी उंची सांगत नाही, नाते सांगते.

पाश्चात्त्य लिपीत याच्या उलट. तिथे प्रत्येक स्वराची जागा ठरलेली. पाच आडव्या रेषा आणि त्यांमधल्या चार मोकळ्या जागा. रेषांच्या सुरुवातीचे वळणदार चिन्ह कोणती रेषा कोणत्या स्वराची ते सांगते. शिकणाऱ्याला इथे एक अडचण हमखास येते. सात स्वरांच्या सात पायऱ्या चढल्यावर तोच स्वर पुन्हा येतो, पण सात ही विषम संख्या असल्याने खालच्या सप्तकात रेषेवर बसलेला स्वर वरच्या सप्तकात मोकळ्या जागेत बसतो. नाव तेच आणि कानाला ओळखही तीच, पण डोळ्याला चित्र वेगळे. म्हणून तिथे स्वराच्या नावापुढे सप्तकाचा क्रमांक लावण्याची सोय केली आहे. पियानोच्या मध्याजवळचा सी हा ‘सी चार’. त्याची कंपने सुमारे २६२, ‘सी पाच’ची ५२३, ‘सी सहा’ची १,०४७. वाद्ये जुळवण्यासाठी ‘ए चार’ची ४४० कंपने हे आंतरराष्ट्रीय प्रमाण मानले जाते.

ठरलेल्या जागेलाही अपवाद आहेतच. गिटारचे स्वर जिथे लिहितात, त्याच्या एक सप्तक खाली ते वाजतात. रेषांच्या गर्दीतून वाट काढण्यासाठी केलेली ही सोय आहे. लिपी कोणतीही असो, ती खूण असते, आवाज नव्हे. खुणेचा आवाज करण्याचे काम शेवटी कानाचे आणि मेंदूचे.

कानातली पेटी

आतील कानात शंखासारखी अडीच वेढ्यांची नळी असते. तिला कर्णावर्त म्हणतात. उलगडली तर ती जेमतेम साडेतीन सेंटिमीटर भरेल. तिच्या आत एक पातळ पडदा पसरलेला आहे. तोंडाशी तो अरुंद आणि ताठ, टोकाशी रुंद आणि सैल. उंच आवाजाने तोंडाजवळचा भाग हलतो, खालच्या आवाजाने आतल्या टोकाचा. जॉर्ज फॉन बेकेशी या शास्त्रज्ञाने या पडद्यावरून लाटा कशा सरकतात ते दाखवले आणि १९६१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पडद्यावर सुमारे पंधरा हजार केशपेशी ओळीने बसलेल्या असतात. हलणाऱ्या जागेवरच्या पेशी मज्जातंतूमार्फत मेंदूला खबर देतात.

म्हणजे पेटीच्या पट्ट्या जशा मांडलेल्या असतात तशीच मांडणी कानात आहे. महत्त्वाचे असे की ही मांडणीही बहुतांशी दुपटीच्या हिशेबाने आहे. १,००० ते २,००० कंपनांना जितकी जागा, साधारण तितकीच २,००० ते ४,००० ना आणि तितकीच ४,००० ते ८,००० ना. तरुण, निरोगी कान २० ते २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो. आकडा हजारपटीचा दिसतो, पण दुपटीने मोजला तर ती फक्त दहा सप्तके होतात. पियानोत सव्वासात सप्तके असतात.

जागेखेरीज मेंदूकडे दुसरीही खूण असते, ती म्हणजे ताल. मज्जातंतू आवाजाच्या कंपनांशी ठेका जुळवून संदेश पाठवतात. हा ठेका चार-पाच हजार कंपनांपर्यंतच धरता येतो. त्यापुढे आवाज ऐकू येतो, पण तो चिवचिवाटासारखा. त्यातून चाल ओळखता येत नाही. पियानोची शेवटची पट्टी ४,१८६ कंपनांची आहे. वाद्ये बनवणाऱ्यांनी कानाचे विच्छेदन न करता ही सीमा हेरली होती, असे म्हणायला हरकत नाही.

मेंदूच्या हुशारीचा आणखी एक पुरावा रोजच्या वापरातला आहे. पारंपरिक दूरध्वनी ३०० ते ३,४०० कंपनांच्या दरम्यानचाच आवाज पोचवतो. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर सुमारे १२० चा असतो, तो तारेतून येतच नाही. तरी पलीकडचा पुरुष बाईसारखा वाटत नाही. ३६०, ४८०, ६०० या उपस्वरांची रांग पाहून मेंदू न आलेला १२० चा स्वर स्वतः भरून काढतो.

डॉक्टरांच्या खणात तीन सप्तके

नाद काटा, म्हणजे ट्युनिंग फोर्क, शाळेच्या प्रयोगशाळेत सर्वांनी पाहिलेला असतो. वैद्यकात तीन काटे जास्त वापरात आहेत: १२८, २५६ आणि ५१२ कंपनांचे. आकडे पाहिले तर लक्षात येईल की हा एकच स्वर तीन सप्तकांत आहे. ५१२ चा काटा कानासाठी. तो कानाजवळ आणि कानामागच्या हाडावर ठेवून दोष बाहेरच्या-मधल्या कानात आहे की आतल्या कानात, याचा अंदाज येतो. १२८ चा काटा पायासाठी. मधुमेह असलेल्यांच्या पायाच्या अंगठ्यावर तो टेकवून कंप जाणवतो का ते पाहतात. खालच्या सप्तकातले कंप हाडाला स्पर्शाने जास्त जाणवतात, म्हणून कानाच्या तपासणीत तो काटा फसवतो. रुग्ण ‘ऐकू येते’ म्हणतो, प्रत्यक्षात त्याला थरथर जाणवत असते. स्वर तोच, पण सप्तक चुकले तर तपासणी चुकते.

ऑडिओग्राम: कानाची स्वरलिपी

श्रवण तपासणीचा कागद अनेकांच्या फायलीत असतो, पण तो वाचता येत नाही. खरे तर तोही एक प्रकारचा नोटेशनचा कागद आहे. वरच्या बाजूला डावीकडून उजवीकडे २५०, ५००, १,०००, २,०००, ४,०००, ८,००० असे आकडे असतात. प्रत्येक घर आधीच्या घराच्या दुप्पट, म्हणजे एकेक सप्तक वर. डावीकडे खर्ज, उजवीकडे टीप. वरून खाली आवाजाची पातळी डेसिबलमध्ये असते. वर मंद, खाली मोठा. प्रत्येक सप्तकात कमीत कमी किती मोठा आवाज ऐकू आला, तिथे खूण करतात. उजव्या कानासाठी लाल वर्तुळ, डाव्यासाठी निळी फुली. खुणा वरच्या वीस-पंचवीस डेसिबलच्या आत असतील तर ऐकणे ठीक. जितक्या खाली, तितके ऐकणे कमी.

वयाबरोबर येणाऱ्या श्रवणदोषात ही रेघ डावीकडे ठीक असते आणि उजवीकडे उतरत जाते, जणू घाटाचा उतार. कारण कर्णावर्ताच्या तोंडाशी असलेल्या, उंच स्वरांच्या केशपेशी आधी झिजतात. माणसाच्या आतील कानात गेलेली केशपेशी पुन्हा उगवत नाही.

स जातो, सा राहतो

आता ‘आवाज येतो पण शब्द कळत नाहीत’ या तक्रारीकडे येऊ. ‘सा’ या एका अक्षराची फोड करून पाहा. त्यात ‘स्’ आहे आणि ‘आ’ आहे. गायक ज्या स्वरावर ठरतो तो ‘आ’. त्याची मूळ कंपने १३९ असोत की २३३, ती खालच्या सप्तकातली. ‘स्’ हा मात्र हवेचा सुस्कारा. त्याची बहुतेक शक्ती ४,००० ते ८,००० कंपनांत असते. म्हणजे एका अक्षरातले व्यंजन आणि त्याचा स्वर यांच्यात चार-पाच सप्तकांचे अंतर आहे. उजवीकडचा उतार आलेल्या कानाला ‘आ’ स्पष्ट पोचतो, ‘स्’ गळून पडतो. सूर कळतो, अक्षर कळत नाही.

भाषेचा अर्थ व्यंजनांत फार असतो. ‘साठ’ की ‘आठ’, ‘फार’ की ‘चार’, ‘सात’ की ‘हात’ हा घोळ अशा कानाला रोज होतो. पंख्याची घरघर, गर्दीतला गलबला हे खालच्या सप्तकांतले आवाज उरलेल्या भागावर स्वार होतात, म्हणून लग्नकार्यात त्रास जास्त. घरचे मग ओरडून बोलतात. ओरडण्याने ‘आ’ मोठा होतो, ‘स्’ फारसा मोठा होत नाही. त्याऐवजी समोर बसून, चेहरा दिसेल असे, थोडे सावकाश बोलले तर जास्त कळते.

संगीत ऐकणाऱ्यांना आधी फरक जाणवतो तो रंगात. स्वर तेच असतात, कारण स्वरांची मूळ कंपने खालच्या सप्तकांत सुरक्षित असतात. पण तंबोऱ्याची जवारी बोथट वाटते, घुंगरांचा छनकार विरतो, तबल्याच्या चाटीची धार जाते. हे सगळे वरच्या उपस्वरांचे देणे आहे.

चार हजारांवरची खाच

गोंगाटाने होणारी हानी ऑडिओग्रामवर वेगळ्या खुणेने ओळखू येते. रेघ ४,००० च्या घरात खोल जाते आणि ८,००० ला पुन्हा थोडी वर येते. याचे कारण कानाच्या बाहेरच्या नळीत आहे. सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची ही नळी बासरीसारखी ३,००० कंपनांच्या आसपास स्वतःच घुमते आणि तो आवाज वाढवते. तीव्र आवाजाने होणारी इजा त्या आवाजाच्या साधारण अर्धे सप्तक वर दिसते. ३,००० च्या अर्धे सप्तक वर म्हणजे ४,००० च्या थोडे पुढे. त्यामुळे यंत्रमाग असो, कारखान्यातली प्रेस असो, ढोल-ताशा असो की कानात घातलेले इअरफोन, खाच बहुधा तिथेच पडते.

डेसिबलचे गणितही दुपटीचे आहे, पण वेगळे. तीन डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. ८५ डेसिबल आठ तास ही सुरक्षिततेची सीमा धरली, तर ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटे उरतात. ढोल-ताशा पथकाच्या मधोमध आवाज शंभरी सहज ओलांडतो आणि सराव तर दीड-दोन महिने रोज संध्याकाळी तासन्‌तास चालतो. वाजवून घरी गेल्यावर कानात ‘सूं’ असा आवाज राहणे किंवा कान दडपल्यासारखे वाटणे ही केशपेशी थकल्याची खूण आहे. सकाळी बरे वाटते म्हणून दुर्लक्ष होते. वारंवार थकवलेल्या पेशी एक दिवस परत उठत नाहीत. इअरफोन आणि मोठ्या आवाजातील कार्यक्रमांमुळे जगभरात एक अब्जाहून अधिक तरुणांच्या श्रवणशक्तीला धोका आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

काही औषधांचा घावही वरच्या सप्तकांवरच आधी पडतो. अमिकासिन, जेंटामायसिन या वर्गातली इंजेक्शने आणि कर्करोगावरील सिस्प्लॅटिन ही त्यातली प्रमुख. ही औषधे जीव वाचवतात, म्हणून घाबरून बंद करू नयेत. मात्र उपचार लांबणार असतील तर मधून मधून श्रवण तपासणी करून घ्यावी आणि कानात आवाज येऊ लागला तर लगेच डॉक्टरांना सांगावे.

बीथोव्हेनचे कागद

ही खाच आणि हा उतार ऑडिओग्राम नसतानाच्या काळात कसा दिसला असेल, याची नोंद संगीताच्या इतिहासात आहे. संगीतकार बीथोव्हेन याने १८०१ साली, तिशीच्या उंबरठ्यावर, आपल्या डॉक्टर मित्राला पत्र लिहिले. थोडे दूर बसले की वाद्यांचे आणि गळ्याचे उंच स्वर ऐकू येत नाहीत. हळू बोलणाऱ्याचा आवाज कळतो, शब्द कळत नाहीत. आणि कोणी ओरडले तर सहन होत नाही, असे त्याने त्यात कळवले होते. आजचा कोणताही कान-नाक-घसातज्ज्ञ हे वाचून आतील कानाचा, वरच्या सप्तकांचा दोष असे निदान करील.

२०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक गमतीदार पण विचार करायला लावणारा अभ्यास आला. संशोधकांनी त्याच्या तंतुवाद्यांच्या चौकडीसाठी लिहिलेल्या रचनांतले पहिल्या व्हायोलिनचे स्वर मोजले. १,५६८ कंपनांच्या वरचे स्वर किती, हे पाहिले. ऐकणे उतरत गेले तसे मधल्या काळातल्या रचनांत उंच स्वरांचे प्रमाण घटत गेले होते. जे कानाला पोचत होते, ते तो लिहीत होता. शेवटच्या काळात, पूर्ण बहिरेपण आल्यावर, उंच स्वर पुन्हा वाढले. आता कानाचा आधारच उरला नव्हता. कागदावरच्या खुणा आणि मनातला आवाज एवढेच होते. लिपी येत असल्यामुळे त्याला स्वतःला ऐकू न येणारे संगीत जगाला देता आले. १८२४ साली नववी सिंफनी पहिल्यांदा वाजली तेव्हा तो जवळजवळ पूर्ण बहिरा होता.

एका स्वराचे दोन

काही आजारांत कानाची पेटी बेसूर होते. एकच स्वर उजव्या कानाला एका उंचीचा आणि डाव्याला किंचित वेगळ्या उंचीचा ऐकू येतो. मेनिएरच्या आजारात किंवा आतील कानाला अचानक इजा झाल्यावर हे घडते. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना ते लगेच खटकते, इतरांना फोन दुसऱ्या कानाला लावल्यावर ‘आवाज विचित्र येतो’ इतकेच जाणवते. फिट्सवर दिल्या जाणाऱ्या कार्बामाझेपिन या औषधाने सगळे स्वर अर्ध्या पट्टीने खाली ऐकू आल्याच्या नोंदी आहेत. औषध थांबले की ते पूर्ववत होते. पण औषध आपणहून थांबवायचे नाही.

यातली एक गोष्ट तातडीची आहे. सकाळी उठल्यावर किंवा दिवसाच्या मध्येच एका कानाने ऐकू येणे एकाएकी कमी झाले, तर ते मळामुळे असेल म्हणून आठवडा घालवू नये. आतील कानाचा अचानक बहिरेपणा स्टेरॉइडने काही रुग्णांत सुधारतो, पण उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू व्हावे लागतात. दोन-तीन आठवड्यांनी आलेल्या रुग्णाला देण्यासारखे फार थोडे उरते.

काय करता येईल?

• पन्नाशीनंतर, किंवा गोंगाटाचे काम असेल तर त्याआधीच, एकदा ऑडिओग्राम काढावा आणि जपून ठेवावा. पुढचा कागद त्याच्याशी ताडून पाहता येतो. वैद्यकीय महाविद्यालयांच्या शासकीय रुग्णालयांत ही तपासणी अल्प खर्चात होते.

• ढोल-ताशा पथकांनी, बँडवाल्यांनी, यंत्रांजवळ काम करणाऱ्यांनी कानात फोमचे बोळे घालावेत. साधा कापूस उपयोगाचा नाही. गायक-वादकांसाठी सर्व सप्तके सारखी कमी करणारे बोळे मिळतात, त्यांनी सुराचा रंग बदलत नाही.

• इअरफोनचा आवाज निम्म्याच्या थोडाच वर ठेवावा. शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नसेल तर तो जास्त आहे.

• श्रवणयंत्र लागले तर लाज बाळगू नये आणि उशीर करू नये. न ऐकणारा माणूस हळूहळू बोलण्यातून, मग माणसांतून बाजूला पडतो. मध्यम वयातला उपचार न केलेला श्रवणदोष हा पुढे येणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्यासारख्या कारणांत गणला जातो.

• श्रवणयंत्रे बोलण्यासाठी जुळवलेली असतात. गाणे ऐकण्याची आवड असेल तर तसे ऑडिओलॉजिस्टला सांगावे. बऱ्याच यंत्रांत संगीतासाठी वेगळी जुळणी करता येते.

जन्मतः किंवा पूर्ण बहिऱ्या झालेल्यांना कॉक्लिअर इम्प्लांटने बोलणे समजू लागते, लहान मुले त्याच्या आधारे बोलायलाही शिकतात. पण हजारो केशपेशींच्या जागी तिथे बारा ते बावीस विद्युत टोके असतात. ताल उत्तम कळतो, बोलणे कळते, स्वरांच्या बारीक पायऱ्या मात्र पुसट राहतात. निसर्गाने साडेतीन सेंटिमीटरांत बसवलेली दहा सप्तके माणसाला अजून तशीच्या तशी बांधता आलेली नाहीत.

म्हणून आहे ती पेटी जपायची. तिच्या टीपेच्या पट्ट्या आधी जातात, गेल्याचे कळतही नाही, आणि कळते तेव्हा गेलेले असते ते गाणे नव्हे, तर नातवाने सांगितलेल्या गोष्टीतले अर्धे शब्द.